बावीस केबीचं आकाश

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मी कविता लिहिणारा माणूस. या कार्यक्रमासाठी ‘एका जुन्या व्हिडिओ गेमवर बोलतो’ असं म्हणालो, तेव्हा फोनवर पलीकडे क्षणभर शांतताच पसरली. मग प्रश्न आला, ‘म्हणजे मुलांवर होणाऱ्या वाईट परिणामांवर का?’ म्हटलं, नाही. खेळावरच. त्याचं नाव ‘एलिट’. १९८४ सालचा. अवकाशयान चालवायचं, वाटेतल्या लुटारूंवर गोळीबार करायचा आणि या ग्रहावरचं धान्य त्या ग्रहावर नेऊन विकायचं, असा खेळ. मला तो आवडतो तो मात्रांमुळे. मात्रा म्हणजे शाळेत वृत्तं शिकताना मोजायचो त्या, लघु-गुरूच्या. आता अवकाशयानाचा आणि लघु-गुरूचा काय संबंध, ते सांगतो. पण थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

ही गोष्ट सुरू होते ती नभोवाणीच्याच घराण्यात. १९७८ साली बीबीसीने दूरचित्रवाणीवर मायक्रोचिपविषयी एक माहितीपट दाखवला. नखाएवढ्या तुकड्यामुळे किती जणांचे रोजगार जातील, देश त्याला तयार आहे का, असे प्रश्न त्यात होते. ब्रिटनमध्ये त्यावर बरीच चर्चा झाली. पुढे बीबीसीने ठरवलं, की लोकांना संगणक शिकवणारी मालिकाच करायची. आणि मालिकेत जे दाखवू ते लोकांना घरी करून पाहता यावं म्हणून बीबीसीच्या नावाचं यंत्रही हवं. केंब्रिजमधल्या एकॉर्न या छोट्या कंपनीला हे काम हवं होतं, पण दाखवायला यंत्र तयार नव्हतं आणि बीबीसीची माणसं आठवड्याभरात यायची होती. कंपनीच्या हर्मन हाउझर यांनी सोफी विल्सन यांना फोन करून सांगितलं, स्टीव्ह फर्बर म्हणतात आठवड्यात होईल. मग फर्बर यांना सांगितलं, विल्सन म्हणतात होईल. दोघांपैकी कोणीच तसं म्हटलेलं नव्हतं. आपल्याकडे लग्नं जुळवणारे मध्यस्थ हेच करतात. इथेही जुळलं. १९८१च्या डिसेंबरात ‘बीबीसी मायक्रो’ बाजारात आला आणि १९८२च्या जानेवारीत मालिका सुरू झाली.

या यंत्राची स्मरणशक्ती होती ३२ किलोबाइट. तुमच्या मोबाइलमधल्या एका फोटोला जेवढी जागा लागते, त्यात असे शंभर संगणक बसतील. त्यातही सगळी जागा खेळ लिहिणाऱ्याच्या हाती येत नसे. पडद्यावरचं चित्र धरून ठेवायलाच आठेक केबी जायचे, थोडी जागा यंत्र स्वतःच्या कामाला वापरायचं. उरायचे साधारण बावीस केबी. आज मराठीत युनिकोडमध्ये टाइप केलेलं माझं हे भाषण त्यात मावणार नाही.

हे यंत्र मी पाहिलेलं आहे. १९८४-८५ साली भारत सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला देशभरातल्या अडीचशे शाळा निवडल्या आणि त्यांना दिले ते हेच बीबीसी मायक्रो. आमच्या जिल्ह्यातल्या एका शाळेला मिळाले, तेव्हा आम्हा दुसऱ्या शाळेतल्या मुलांना एकदा रांगेनं बघायला नेलं होतं. दाराबाहेर चपला काढायला सांगितल्या. ती सवय मला मशिदीमुळे होतीच, पण वर्गात शिरण्यासाठी चपला मी पहिल्यांदाच काढल्या. आत पडदे ओढलेले. सरांनी यंत्रावरचं आवरण काढलं, बटण दाबलं, बीप असा आवाज झाला आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली : ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’. मला वाटलं, हा यंत्राचा हजेरी क्रमांक असावा. हात पाठीमागे बांधून आम्ही ती ओळ वाचली आणि बाहेर आलो. संगणक पाहिला, एवढंच घरी सांगण्यासारखं होतं.

ते बत्तीस म्हणजे काय, आणि त्यात काय काय मावतं, हे कळायला मला पुढं वीस-पंचवीस वर्षं लागली. केंब्रिजच्या जीझस कॉलेजातल्या दोन मुलांना ते आधीच कळलं होतं. इयन बेल गणित शिकत होता, डेव्हिड ब्रेबन विज्ञान. खेळ बाजारात आला तेव्हा एक एकवीस वर्षांचा होता, दुसरा वीस.

त्या काळी अवकाशातला खेळ म्हणजे काय, हे ठरून गेलेलं होतं. १९६२ साली अमेरिकेत एमआयटीच्या तरुणांनी एका मोठ्या संगणकावर ‘स्पेसवॉर’ केला, तिथून ही परंपरा. मग १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकाडो यांचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला. वरून रांगेनं उतरणारे परग्रहवासी, खालून आपली बंदूक. त्यात शत्रू कमी होत जातात तसे उरलेले अधिक जोरात धावतात, ते काही आधी योजलेलं नव्हतं. चित्रं कमी झाली, की यंत्राचा भार हलका व्हायचा आणि वेग वाढायचा. निशिकाडोंनी ते तसंच राहू दिलं. चूक शहाणपणानं ठेवून घेतली, की ती शैली होते. आम्हा लिहिणाऱ्यांना हे ठाऊक आहे.

हे खेळ नाणं टाकून खेळायचे. म्हणून तीन जीव, वाढत जाणारे गुण, आणि काही मिनिटांत खेळ खलास. म्हणजे दुसरं नाणं पडतं. संगणक घरात आला, नाणं गेलं, तरी नियम तेच राहिले. बेल आणि ब्रेबन यांनी विचारलं, घरात बसलेल्या माणसाला घाई कशाची? त्यांच्या खेळात गुण नव्हते, पैसे होते. तीन जीव नव्हते, एकच होता. पण आपली स्थिती कॅसेटवर साठवून दुसऱ्या दिवशी पुढे जाता येत होतं. ठरावीक शेवट नव्हता. थॉर्न ईएमआय या मोठ्या कंपनीकडे ते गेले, तर तिथून उत्तर आलं, की खेळ दहा मिनिटांत संपायला हवा, तीन जीव हवेत. मग एकॉर्नच्याच एकॉर्नसॉफ्ट या शाखेने तो घेतला आणि २० सप्टेंबर १९८४ रोजी थोर्प पार्क या मनोरंजन उद्यानात त्याचं प्रकाशन झालं.

खेळ असा. लावे नावाच्या ग्रहाजवळच्या स्थानकात तुमचं यान उभं असतं. हातात शंभर क्रेडिट. लावे हा शेतीवाला ग्रह, तिथे हुकूमशाही आहे, आणि तो अफाट जंगलांसाठी आणि झाडावरच्या एका अळीसाठी प्रसिद्ध आहे, असं यंत्र सांगतं. तिथून स्वस्तात धान्य उचलायचं, झाओन्ससारख्या कारखानदारीच्या ग्रहावर विकायचं, तिथले संगणक भरून परत यायचं. वाटेत लुटारू. त्यांच्या यानांना बहुतेक सापांची नावं : कोब्रा, पायथन, माम्बा, क्रेट. यातला ‘क्रेट’ हा शब्द हिंदीतल्या ‘करैत’वरून इंग्रजीत गेला. आपली मण्यार अशी थेट अवकाशात पोचली.

सगळ्यात अवघड होतं ते स्थानकात परत शिरणं. स्थानक स्वतःभोवती फिरत असतं आणि त्याचं दार म्हणजे एक अरुंद फट. आपलं यानही त्याच गतीनं फिरवत नेमकं त्या फटीतून आत न्यायचं. दोघी मुली दोर फिरवत असतात आणि तिसरी बाहेर उभी राहून मान हलवत, मनात ठेका धरत, अचानक आत शिरते, तसं. जिचा ठेका चुकला ती दोरात अडकते. इथे यान फुटायचं. कमोडोर ६४ या दुसऱ्या संगणकावर खेळ गेला तेव्हा आपोआप आत नेणारं उपकरण चालू केलं की योहान स्ट्राउसचं ‘ब्लू डॅन्यूब’ वाजायचं. कुब्रिकच्या १९६८च्या अवकाश-चित्रपटात यान स्थानकाकडे जाताना तेच वाजतं, त्याला केलेला हा सलाम.

आता मात्रा.

या खेळात आठ आकाशगंगा आहेत आणि प्रत्येकीत २५६ ग्रह. एकूण २०४८. प्रत्येकाला नाव, जागा, राज्यपद्धती, लोकसंख्या, बाजारभाव. हे सगळं लिहून ठेवायचं म्हटलं तर बावीस केबी केव्हाच संपले असते, आणि यान, लढाई, बाजार ठेवायला जागाच उरली नसती. म्हणून त्यांनी ग्रह लिहून ठेवलेच नाहीत. लिहून ठेवले फक्त तीन आकडे : २३११४, ५८४ आणि ४६९३१. पहिल्या आकाशगंगेचं हे बीज. तीन आकड्यांना जागा लागते सहा बाइट, म्हणजे रोमन लिपीत ‘सातारा’ लिहायला लागतात तेवढीच अक्षरं.

या तिघांची बेरीज करा. ७०६२९ येते. पण एका आकड्याला दिलेल्या दोन बाइटांत ६५५३५ पर्यंतचाच आकडा मावतो, त्यापुढे घड्याळासारखं पुन्हा शून्यापासून. म्हणून उरतात ५०९३. आता पहिला आकडा सोडून द्या, हा नवा शेवटी जोडा : ५८४, ४६९३१, ५०९३. पुन्हा बेरीज, ५२६०८. असं चार वेळा केलं, की पुढच्या ग्रहाचं बीज तयार. त्या आकड्यांच्या तुकड्यांतूनच ग्रहाची जागा ठरते, राज्यपद्धती ठरते आणि बत्तीस अक्षरजोड्यांच्या यादीतून नाव जुळतं : ला-वे, डि-सो, झा-ऑन-से. तुम्ही त्या ग्रहाकडे वळता तेव्हा तो तयार होतो, निघालात की पुसला जातो, आणि वर्षानं परत आलात तर तंतोतंत तोच पुन्हा उभा राहतो. कारण बेरीज बदलत नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ताडकन उठून बसलो. आधीच्या आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचा आकडा, याला जग फिबोनाची या इटालियन गणितज्ञाचं नाव देतं. त्याचं पुस्तक १२०२ सालचं. पण ही बेरीज आपल्याकडे त्याच्याही आधी माहीत होती, आणि ती गणितासाठी नव्हे, कवितेसाठी शोधली गेली होती. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग चार मात्रांची जागा लघु-गुरूंनी किती प्रकारे भरता येईल? ओळीच्या शेवटी लघु असेल तर आधीच्या तीन मात्रा भरायचे जितके प्रकार, तितके. गुरू असेल तर आधीच्या दोन मात्रांचे जितके, तितके. दोन्हींची बेरीज म्हणजे उत्तर. एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा. विरहांक नावाच्या छंदशास्त्रकारानं हे सांगितलं, बाराव्या शतकात गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी पुन्हा मांडलं. पुढे १३५६ साली नारायण पंडितांच्या ‘गणितकौमुदी’त दोनाऐवजी तीन, चार, कितीही मागच्या आकड्यांची बेरीज घेत जाण्याची रीत आली. एलिटमधली तिघांची बेरीज ही त्याच घराण्यातली.

केंब्रिजमध्ये कोणी छंदशास्त्र वाचत होतं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. उगाच आपला झेंडा लावून यायची मला हौस नाही. पण माझ्या घरात उर्दू शेराचं वजन बोटांवर मोजलं जायचं आणि शाळेत बाई फळ्यावर लघु-गुरूच्या खुणा करायच्या. जागा थोडी आहे, नियम पक्का आहे, आणि त्यातून न संपणारं काही काढायचं आहे, ही अडचण मला ओळखीची वाटली.

मूळ बेत तर आणखी मोठा होता. सहा बाइटांच्या बीजातून दोनाचा अठ्ठेचाळिसावा घात एवढ्या, म्हणजे दोनशे ऐंशी लाख कोटींहून अधिक आकाशगंगा निघू शकल्या असत्या. प्रकाशकांनी थांबवलं. एवढं दिलंत तर लोकांना कळेल, की हे सगळं यंत्रानं पाडलेलं आहे, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर होतं. आठच ठेवल्या. त्या कोणत्या, हे मात्र दोघांनी बीजं बदलून, बघून, निवडून ठरवलं. एका आकाशगंगेत एका ग्रहाचं नाव इंग्रजीतला असभ्य शब्द निघालं, तर ती सगळी आकाशगंगाच टाकून दिली. बेरीज यंत्रानं करायची, पण कुठली ओळ ठेवायची आणि कुठली खोडायची हे माणसानं. आठच का, यातही गंमत आहे. पुढच्या आकाशगंगेत जाताना बीजातल्या प्रत्येक बाइटचे आठ अंक एकेक घर सरकतात आणि पुढचा मागे जातो. आठ मण्यांच्या तसबीहसारखं. आठव्यांदा सरकलं की पहिला मणी पुन्हा बोटाखाली. म्हणजे घर सोडून सगळं विश्व फिरून आलात, की आठव्या झेपेला मूळ आकाशगंगेतच येता. समेवर.

बाकीच्या करामती संगणकवाल्यांनी सांगाव्यात. एकच सांगतो, मला फार आवडलेली. त्या यंत्राला एका वेळी एकच प्रकारचं चित्र काढता येई : बारीक रेघांचं पण दोन रंगांचं, किंवा चार रंगांचं पण जाडंभरडं. पडद्यावर चित्र दर सेकंदाला पन्नास वेळा वरून खाली रेखलं जातं. या मुलांनी काय केलं, तर रेखणारा किरण अवकाश संपवून खालच्या रडारपाशी पोचला, की नेमक्या त्या क्षणी यंत्राला प्रकार बदलायला लावला. वर बारीक रेघा, खाली रंग. सेकंदाला पन्नास वेळा, न चुकता.

पुढे हा खेळ अनेक संगणकांवर गेला, लाखांच्या घरात खपला. बीबीसी मायक्रो घडवणाऱ्या फर्बर आणि विल्सन यांनी त्यानंतर जी एआरएम चिप रचली ती १९८५च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा चालली. आज तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये तिचंच कूळ आहे. ब्रेबन यांनी इतरांबरोबर रास्पबेरी पाय फाउंडेशन स्थापन केलं आणि २०१२ साली मुलांनी उघडून, चुकून, मोडून शिकावं असा पत्त्याच्या कॅटएवढा स्वस्त संगणक आला. चपला न काढता हात लावावा असा. २०१४ साली ‘एलिट डेंजरस’ आला, त्यात चारशे अब्ज ताऱ्यांची अख्खी आकाशगंगा. मी ती पाहिली. सुंदर आहे. पण मला जुन्या खेळातल्या पोकळ रेघांची यानं जास्त आवडतात.

तो जुना खेळ आता साध्या संगणकावरही चालवता येतो. माझ्या भाच्यानं मला तो लावून दिला. ‘मामू, तुम्ही चालवा, मी व्यापार बघतो,’ असं आमचं ठरलं. त्यानं पैसे साठवून अवकाशात तरंगणारा माल उचलायचं उपकरण यानाला बसवून घेतलं होतं. एका लुटारूचं यान मी बऱ्याच प्रयत्नानं फोडलं, तर फुटण्याआधी त्यातून एक लहानशी कुपी बाहेर पडली. जीव वाचवून पळायची कुपी. मला वाटलं, बिचारा वाचला. आम्ही ती उचलून घेतली. स्थानकात येऊन मालाची यादी उघडली, तर धान्याच्या खाली लिहिलेलं : गुलाम, एक टन.

खेळात एकूण सतरा प्रकारचा माल आहे आणि गुलाम हा त्यातला एक. पुस्तिकेत सरासरी भाव छापलेले आहेत. कापड ६.४ क्रेडिट, गुलाम ८, दारू २५.२. ब्रिटननं गुलामांचा व्यापार १८०७ साली कायद्यानं बंद केला, पण त्याआधी तिथल्या बंदरांतल्या व्यापाऱ्यांच्या वह्यांत कापड, माणसं आणि दारू अशाच ओळीनं येत. दोन कॉलेजकुमारांनी ही नोंद कोणत्या हेतूनं घातली, याबद्दल मी अंदाज करणार नाही. तो १९८४चा ब्रिटन होता, खाणकामगारांचा संप चाललेला, थॅचरबाईंचं राज्य. एकटा माणूस, त्याचं यान आणि बाजार, एवढंच जग असलेला खेळ तेव्हा तिथे लोकांना आवडला, यात नवल नाही.

भाचा म्हणाला, ‘विकून टाकू?’ मी म्हटलं, सोडून देता येतं का बघ. त्यानं शोधलं. सोडून द्यायची सोयच नाही. विकायचं, नाहीतर जवळ ठेवायचं. मी म्हटलं, मग राहू दे. पुढच्या ग्रहावर बघू.

स्थानकातून बाहेर पडलो आणि त्यानं आमची स्थिती दाखवणारं पान उघडलं. गुलाम हा बेकायदा माल. तो घेऊन स्थानकाबाहेर पडलं, की गुन्हा लागतो. विकला असता तर कोणी विचारलं नसतं. इतका वेळ ‘क्लीन’ असलेल्या आमच्या नावापुढे आता ‘ऑफेंडर’ आलं होतं.

‘बघा मामू,’ भाचा म्हणाला, ‘विकले असते तर स्वच्छ राहिलो असतो.’

मी त्याला यान लावेच्या दिशेनं वळवायला सांगितलं.